नात्यातलं कुणीही

“शेफाली अभय भिलारे इथंच ना?” नव्या पोस्टमननं जाळीच्या दारातून विचारलं. शालनबाईंच्या कानाशी मोबाईल होता आणि पलीकडं खराडीच्या ऑफिसातून त्यांचा लेक अभय. “आला ना? कर सही. पाकीट माझ्या खणात टाक. शेफालीला अवाक्षर सांगू नकोस.”

पाकीट कोर्टाचं होतं. अभयनं बायकोच्या नकळत घटस्फोटाचा दावा लावला होता. समन्स पोचल्याची सही झाली आणि तारखेला ती आलीच नाही, की निकाल एकतर्फी. काय डोकं चालतं बघा एकेकाचं! आणि ती बिचारी सकाळी सासूची रक्तदाबाची गोळी काढून ठेवून, डबा घेऊन कामावर गेलेली.

“ती घरी नाही,” शालनबाई म्हणाल्या.

“नसू दे की,” पोस्टमन म्हणाला. “नात्यातलं कुणीही मोठं माणूस चालतं.”

“आणि नाही घेतलं तर?”

“मग ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारतो. कोर्टाला ते पोचल्यासारखंच. लवकर ठरवा आजी, अजून अख्खी पेठ व्हायचीय माझी.”

म्हणजे सही केली तरी सून बुडणार, नाही केली तरी बुडणार. कानात अभय चालूच होता. “आई, राहायचंय ना माझ्याकडं? मग मुकाट्यानं कर.” यालाच का आपण वाढवलं, असं शालनबाईंना झालं. पण या वयात जायचं कुठं? नवरा गेल्यावर हा एकच आधार. आणि भिलाऱ्यांच्या घरातली मोठी बाई म्हणून गल्लीत मान होता, तेवढाच काय तो उरला होता.

पोस्टमननं मशीन पुढं केलं. “इथं बोटानं सही करा. आणि नातं सांगा, लिहावं लागतं. आपण त्यांच्या कोण?”

शालनबाईंनी फोन कानावरून काढला, पण बंद केला नाही. ऐकू दे मेल्याला.

“मी कुणी नाही हो त्यांची. इथं स्वयंपाकाला असते. वहिनी शनिवारी घरी असतात, त्यांच्याच हातात द्या.”