मागच्या खिडकीकडे

"पावाची खिडकी मागच्या बाजूला आहे," म्हातारा मान वर न करता म्हणाला.

टेबलापुढे उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायांत दोन निरनिराळे बूट होते. तेवढं दिसलं की पुरे होतं. माणसाने काही बोलायला तोंड उघडलं, मिटलं आणि तो गुमान मागे वळला. सहा रविवार हेच चाललं होतं. म्हाताऱ्याला त्याची कीव यायची. भुकेल्याला देवाच्या गोष्टी सांगत ताटकळत ठेवू नये, आधी त्याच्या पोटात काही पडू द्यावं, असं त्याला मनापासून वाटे.

म्हाताऱ्याचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. चार माणसांत बोलायचं म्हटलं की तो मागच्या रांगेत सरकायचा. निवृत्त झाल्यावर पाळकांनी त्याला चर्चच्या दारातलं हे टेबल सोपवलं. शुभवर्तमानाच्या पुस्तिका मांडायच्या, कुणी थांबलंच तर प्रभूविषयी दोन शब्द सांगायचे. वर्ष होत आलं, पण त्याच्या शब्दाने एकही माणूस आत आला नव्हता. मागच्या खिडकीत पाव वाटणारी बाई म्हणायची, "काका, तुमच्या पुस्तकांना वाळवीसुद्धा तोंड लावत नाही हो." तो हसायचा आणि घरी जाऊन उदास व्हायचा.

आता पुढचा रविवार शेवटचा. त्यानंतर टेबल हलवून तिथे पावाची दुसरी खिडकी करायची, असं चर्चच्या मंडळीच्या बैठकीत ठरलं होतं. पाळकांनी ते अगदी मऊ आवाजात सांगितलं, म्हणूनच ते जास्त लागलं. आठवडाभर म्हातारा एकच प्रार्थना करत होता. एक तरी माणूस दे. एकच.

तो रविवार मळभ दाटलेला उजाडला. म्हातारा येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे निरखत बसला. कुणाच्या डोळ्यांवर चष्मा, कुणाची इस्त्रीची कॉलर. असा माणूस दिसला की म्हाताऱ्याला धीर होईपर्यंत तो पुढे निघून गेलेला असायचा. शेवटी कातड्याची बॅग घेतलेले एक गृहस्थ टेबलाशी थांबले. म्हाताऱ्याने सगळं बळ एकवटून पुस्तिका पुढे केली. गृहस्थांनी ती घेतली, त्या पुस्तिकेनेच बुटावरचा चिखल पुसला आणि टॅक्सी येताच ती टेबलावर ठेवून ते निघून गेले.

उपासना संपली. खिडकी बंद करून बाई टेबल उचलायला मदतीला आली. पुस्तिका गोळा करता करता म्हातारा म्हणाला, तो दोन तऱ्हेच्या बुटांचा माणूस आज दिसला नाही. कुठे काम लागलं असेल तर बरंच झालं.

"वारला तो, काका. बुधवारी, सरकारी दवाखान्यात."

तिने पुस्तिका खोक्यात भरायला घेतल्या. विचित्रच होता, ती सांगू लागली. सहा रविवार रांगेत उभा राहिला, पण पावाचा तुकडा कधी तोंडात घातला नाही. हातात पडला की मागच्याला देऊन टाकायचा. गेल्या रविवारी तिने त्याला झापलंच. खायचा नाही तर रांग कशाला अडवतोस म्हणून.

"काय म्हणाला?" म्हाताऱ्याने विचारलं.

बाईने खोक्याचं झाकण लावलं.

"म्हणाला, मला पुस्तकवाल्या काकांना एक विचारायचंय. पण ते दर खेपेला इकडेच पाठवतात. शिकलेलं माणूस आहे, त्यांच्या मनात काही असेल. माझं पोट भरलंय अशी त्यांची खात्री पटली, की घेतील बोलवून."