मुंग्यांची रांगोळी

दारावरचा दिवा आजही तांबडाच लागला. म्हणजे हीसुद्धा रांगोळी जगात कुणीतरी, कधीतरी आधीच काढलेली होती. रांगोळी नवी की आधीच काढलेली ते सांगणारे हे दिवे आल्यापासून आळीतल्या बायकांनी रांगोळीचे डबे माळ्यावर टाकले होते. रोज अंगणात बसायच्या त्या एकट्या यमुताई. आज रांगोळी संपली म्हणून त्यांनी तांदळाचं पीठ घेतलं होतं.

"आई, पुरे आता," सून रेवती म्हणाली. "नवं काही उरलंच नाही हो."

"खरंय गं. उद्यापासून नाही बसत," म्हणत यमुताई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि तिथंच थबकल्या.

दिवा हिरवा झाला होता.

रांगोळीतल्या एका पाकळीच्या टोकाशी मुंग्यांची रांग लागली होती. एकेक मुंगी पिठाचा कण उचलून नेई, रेघ जराशी बदले, आणि दिवा क्षणभर विझून पुन्हा हिरवा उजळे. सृष्टीत याआधी कधीच नव्हती अशी एकेक रांगोळी त्यांच्या दारात उमलत होती.

रेवतीनं भारल्यासारखं चिमूटभर पीठ उचललं आणि ती खाली वाकली.

यमुताईंनी हळूच तिचं मनगट धरलं. "थांब. त्यांचं होऊ दे आधी. मग आपण."