नवसूचा ढोल

"ट्रकात म्या बी येनार," सावित्राबाई म्हणाली, तेव्हा जाळाभोवती बसलेले सगळे गडी हसले.

लोहगडवाडीच्या देवळापुढे ढोल तापवायला घेतले होते. भाद्रपदाच्या ओलीने कातडी सैल पडली होती. उद्या पहाटे खाली मळवलीला ट्रक लागायचा आणि वाडीचं पथक पुण्याला, गणपतीच्या मिरवणुकीत वाजवायला जायचं. कोणी कुठे बसायचं, भाकरी कोणी बांधायच्या, सगळं ठरत होतं.

"वैनी, तितं मुंगी शिरत न्हाई. तुमाला कुटं ठिवायचं, ढोलात?" बहिरूने विचारलं. पुन्हा हशा.

"धन्याच्या ढोलामागं चालंन मी," सावित्राबाई म्हणाली. "गेल्या वर्साला त्या गर्दीतच हरावलं न्हवं त्ये? आपल्या वाडीचा हात त्येंस्नी कुटं बी वळखू येतो. ऐकलं की आपसूक येत्याल."

हशा विरला. तिने नवऱ्याच्या, नवसूच्या ढोलाला कातड्याचं नवं पान चढवून घेतलं होतं. बोचक्यात त्याचं धुतलेलं धोतर होतं. कपाळावरचं कुंकू जाळाच्या उजेडात ठसठशीत दिसत होतं.

तिच्या लेकीने, हिराने श्रीपतीकडे पाहिलं. पथकाचा म्होरक्या श्रीपती खाली मान घालून विस्तवात काटक्या सारत राहिला. गेल्या दिवाळीआधी त्यानेच तिला गुपचूप पुण्याला नेलं होतं. तिथे एका शिपायाने तिच्यापुढे बापाचा पटका आणि चांदीचं कडं ठेवलं. गर्दीत चेंगरलेल्या बापाला बेवारस म्हणून कधीच जाळून झालं होतं. "आयेला तूच सांग," येताना श्रीपती एवढंच म्हणाला. आज सांगू, उद्या सांगू करत तिने वर्ष काढलं.

आता तिला आई दिसत होती. त्या रस्त्यावर, दिसेल त्या पटक्यामागे धावणारी. मग पडलेली. वरून जाणारे पाय.

"हिरे, तुज्या बापाचा ढोल तूच तापीव," सावित्राबाई म्हणाली.

हिराने ढोल जाळापाशी धरला. पान ताणलं जाऊ लागलं. बोटाने टिचकी मारली की खणखणीत वाजू लागलं. इथेच ढोल मागे घ्यायचा असतो, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"मागं घे, पोरी!" बहिरू ओरडला.

तिने तो आणखी पुढे सारला. करपल्याचा वास आला. काड्‌कन आवाज झाला आणि पान या कडेपासून त्या कडेपर्यंत उकललं.

बहिरू तिच्या अंगावर धावला. श्रीपतीने त्याचं मनगट धरलं.

सावित्राबाई उठून आली. ढोलाकडे तिने पाहिलंही नाही. हिराची भाजलेली बोटं तिने पदरात घेतली, त्यांवर फुंकर घातली आणि एवढ्या हळू विचारलं, की ते हिरालाच ऐकू आलं.

"कवा गेलं त्ये?"