राहण्याजोगा ग्रह

सकाळी आई आणि मी मुलुंडमधल्या नव्या टॉवरमधला फ्लॅट बघून आलो. "इथे कुणाचा कुणाला त्रास नाही," असं एजंट दहा वेळा म्हणाला होता. आवडला की नाही, आई पत्ता लागू देईना.

दुपारी मी टीव्हीवर माझा अंतराळाचा गेम लावला. महिनाभर नुसते दगडधोंडे सापडत होते. आज अचानक निळाहिरवा, अगदी पृथ्वीसारखा ग्रह दिसला आणि मी ओरडलेच. गवार मोडणारी आई टीव्हीकडे वळली.

"पाणी आहे?"

"समुद्र, नद्या, सगळं आहे."

"ऊन? पापड वाळतील?"

"वाळतील गं. झकास ग्रह आहे."

"शेजारी कोण?"

"कुणीच नाही! अख्खा ग्रह आपला."

आईने दाराकडे पाहिलं. तिथे खिळ्याला शेजारच्या तिन्ही घरांच्या चाव्या लटकत होत्या.

"मग बाहेर जाताना चावी कुणाकडे ठेवायची गं?"

मी हसले आणि एजंटला फ्लॅट नको म्हणून कळवून टाकलं. मग ग्रहही पुसायला निघाले, तर आई म्हणाली, "तो असू दे. पापडांपुरता बरा आहे."