दुसरा डोळा

बिभीषण सकाळी उठला तेव्हा त्याला उजव्या डोळ्याने दिसतच नव्हतं. नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "डोळ्यामागच्या नसेचा रक्तपुरवठा तुटलाय. कुठल्या गोळ्या घेता का? मधे कधी निळसर दिसायचं?" "न्हाई, कायबी न्हाई," बिभीषण म्हणाला. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोला, सुकन्याला, महिन्यापूर्वीची सकाळ आठवली. दूध निळं दिसतंय, तू पाणी घातलंस, म्हणत त्याने पेला तिच्या अंगावर फेकला होता. "माझ्या पोराला कशाला गोळ्या?" सोबत आलेली सासू म्हणाली. "सात वर्सं झाली, पाळणा हलंना म्हनून हिलाच औषध चालूय." "लपवलंत तर दुसराही डोळा जाईल," डॉक्टरांनी बजावलं. तरी बिभीषणने नकारार्थी मान हलवली. तेव्हा सुकन्याने धुण्यात त्याच्या खिशात सापडलेली पुरुषी ताकदीच्या गोळ्यांची स्ट्रिप टेबलावर ठेवली. चारातल्या तीन गोळ्या संपल्या होत्या. "ह्या हिच्याच हाईत," तो घाईने म्हणाला. "पोर व्हावं म्हनून घेती." "मग तुज्या गोळ्या हितं कशाला दाखवतीस?" सासू खेकसली. डॉक्टरांनी स्ट्रिपवरचं नाव वाचलं आणि बिभीषणकडे पाहिलं. आईला दिसणार नाहीत असे त्याने हात जोडले. "ताई," डॉक्टर त्याच्यावरची नजर न काढता म्हणाले, "या गोळ्या आजपासून बंद. आता एक जरी घेतली, तरी डोळा जाईल." "ऐकलंस का गं?" सासू म्हणाली. "व्हय," सुकन्या म्हणाली, "न्हाई घेणार."