दादाची धून

"बाबा, शाळेच्या बेसबॉल मॅचमध्ये दादा बॅटिंगला आला की ट्रंपेट कोण वाजवतं हो?"

'घरी विचारून तर दाखव,' असं मैत्रिणीने, युकाने, शाळेत डिवचलं होतं, म्हणून टोकियोतल्या निशी-कसाई भागातल्या घरी जेवता जेवता कश्मिराने विचारलंच.

"असेल शाळेच्या बँडमधला कुणी मुलगा," बाबा खुशीत म्हणाले. "काय वाजवतो! दादाला निम्मा जोर त्याच्यामुळेच चढतो."

"तो मुलगा म्हणजे मी!"

"अगं, तू झांजा वाजवतेस ना?" आई म्हणाली.

कश्मिराचा पारा चढला. "झांजा गेल्या वर्षी! या वर्षी प्रत्येक मॅचला तुमच्या तीन रांगा मागे ट्रंपेट घेऊन उभी असते मी. एकदा तरी मान वळवायची! रविवारी आमच्या बँडची कॉन्सर्ट आहे. तुम्ही दादाच्या मॅचलाच जा. तुमची तिकिटं मी युकाच्या आईबाबांना देणार आहे."