खोटे कण

“सर, यंदा काही मी फसणार नाही!” दार न वाजवताच ती केबिनमध्ये शिरली आणि तिने लॅपटॉप थेट सरांच्या कागदांवर आदळला.

प्रयोगशाळा डोंगराच्या पोटात होती. विश्वाच्या बालपणापासून भटकणारा कृष्णद्रव्याचा, म्हणजे कुठल्याच दुर्बिणीला न दिसणाऱ्या पदार्थाचा, एखादा कण तिथल्या कण टिपणाऱ्या टाकीत कधीतरी धडकेल, म्हणून सगळे डोळ्यांत तेल घालून बसलेले. धडकत मात्र काही नव्हतं. माणसं पेंगायला लागू नयेत म्हणून सरांनी एक रीत पाडली होती. वर्षातून एकदा ते कुणालाही न सांगता खऱ्या नोंदींमध्ये खोटे कण मिसळायचे आणि कोण ओळखतं ते बघत बसायचे.

गेल्या वर्षीचे खोटे कण तिलाच सापडले होते आणि बिचारीला ते खरे वाटले. ती आनंदाने रडली. आईला फोन केला, नवऱ्याला केला, अख्ख्या मजल्याला केक वाटला. मग सरांनी हसत हसत खरं काय ते सांगितलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं. तेव्हापासून तिचं नाव पडलं केकवाली. यंदा तिची नोकरी कायम व्हायची होती. पुन्हा हसं झालं तर कोण ठेवून घेणार होतं तिला?

“बोल, केकवाली,” सर म्हणाले.

“हे बघा. कण भलतेच जड आणि तरी सुसाट. काल सकाळपासून येताहेत, सगळे एकाच दिशेने, आणि वाढतच चाललेत. अहो सर, मिसळताना जरा हात आखडता घ्यायचा! पाहिल्याबरोबर म्हटलं, ही तुमचीच करामत.”

सर हसले नाहीत. “खोटे कशावरून? नीट सांग.”

ही तोंडी परीक्षाच, तिने ओळखलं. ती सावरून बसली.

“पाण्याचा बर्फ होतो ना, तशी विश्वाने लहानपणी एकदा कूस बदलली. नव्या अवस्थेचे बुडबुडे उठले आणि जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फुगत गेले. त्यांच्या भिंतींनी असले जड कण जन्माला घातले आणि पुढे भिरकावून दिले. इथवर तुमचं अगदी बरोबर आहे.”

“मग चुकलं कुठे?”

“वेगात! जन्मले तेव्हा पळत होते, कबूल. पण त्यानंतर विश्व ताणत गेलं. त्यात त्यांचा वेग कधीच मेला असता. हे तर अजून ताजेतवाने! असले कण यायचे तर बुडबुडा आत्ता उठायला हवा, तोही आपल्या शेजारीपाजारी कुठेतरी. तुम्ही घाईत जन्माचाच वेग तसाच ठेवलात, सर.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. लॅपटॉपच्या पडद्यावर आणखी एका कणाचा ठिपका उमटला. मागोमाग आणखी दोन उमटले.

“आणि समज, उठला असेल,” ते हळूच म्हणाले, “तर ती भिंत किती मागे असेल?”

“कणांच्या अगदी पाठोपाठ. आणि प्रकाशाच्या बरोबरीने येणारी गोष्ट आधी दिसणार तरी कशी? आली की आली. तिच्या आत साधा अणूसुद्धा टिकायचा नाही, तिथे तुमची-आमची काय कथा!” तिने खुशीत चुटकी वाजवली.

सरांनी टेबलावरचा फोन ओढला आणि घरी लावला.

“अगं, मीच. नाही, काही झालेलं नाही. सहजच केला. तू नुसती बोलत राहा... काहीही बोल. फोन तेवढा ठेवू नकोस.”

ती बावरली. वरिष्ठांची चूक अशी तोंडावर काढायला नको होती, असं तिला वाटून गेलं. नोकरी गेली बहुतेक.

“सर, रागावलात का? बरोबर ओळखलं ना मी?”

सरांनी फोनच्या तोंडावर तळहात दाबून धरला.

“यंदाचे खोटे कण मी अजून मिसळलेलेच नाहीत गं.”